उजव्या आसनावरचा उमेदवार

आपल्याकडील जुन्या कचेऱ्यांतून ‘उमेदवार’ या नावाचा एक मनुष्य हमखास आढळत असे. निवडणुकीस उभा राहतो तो उमेदवार, हा अर्थ त्या शब्दाला पुढे चिकटला. मुळात फारसीतून आलेल्या या शब्दात उमेद बाळगणारा एवढाच भाव आहे, आणि कचेरीतला उमेदवार खरोखरच उमेदीवर दिवस काढीत असे. सकाळी सर्वांच्या आधी हजर व्हावे, दप्तरे झाडावीत, नकला उतरून द्याव्यात, शिरस्तेदाराची बारीकसारीक कामे बिनतक्रार करावीत आणि महिनाअखेरीस मुशाहिरा वाटला जाऊ लागला म्हणजे मुकाट्याने बाजूला उभे राहावे, असा त्याचा क्रम असे; कारण हजेरीपटावर त्याचे नावच नसे. आज ना उद्या एखादी जागा रिकामी होईल आणि आपली नेमणूक होईल, या आशेवर त्याचे घर चालत असे. म्हणजे खरे पाहता घरातील दुसराच कोणीतरी ते चालवीत असे.

या शब्दाची आठवण होण्यास निमित्त झाले ते अमेरिकेतील लहान मालवाहू विमानकंपन्यांचे. लाखभर डॉलरच्या आसपास खर्च करून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविलेला तरुण तेथे पहाटेच्या अंधारात खोकी उचलतो, उजव्या आसनावर बसून मुख्य वैमानिकाला साहाय्य करतो, कागदपत्रे भरतो, आणि या सगळ्याबद्दल त्याला कोठे अगदी तुटपुंजे वेतन मिळते, कोठे मुळीच मिळत नाही, आणि कोठे तर उलट त्यालाच कंपनीच्या खात्यात पैसे भरावे लागतात, असे वर्षानुवर्षे घडत आले आहे. सगळ्याच कंपन्या अशा आहेत असे नाही. नवख्याला प्रामाणिकपणे पगार देणाऱ्या पुष्कळ आहेत. पण वेतनाऐवजी जे देऊ केले जाते, त्याचे मोल त्या तरुणाच्या दृष्टीने इतके मोठे असते की, सौदा अन्यायाचा आहे हे उमगूनही तो सहसा नकार देत नाही. त्याला मिळतात ते उड्डाणाचे तास.

हे तास म्हणजे काय, ते समजून घेतल्याखेरीज पुढचे काहीच कळणार नाही. अमेरिकेत व्यावसायिक वैमानिकाचा परवाना साधारणपणे २५० तासांच्या उड्डाणानंतर मिळतो. परंतु प्रवासी वाहून नेणाऱ्या मोठ्या कंपनीत सहवैमानिक म्हणून रुजू व्हायचे, तर त्याहून वरचा परवाना लागतो आणि त्यासाठी सर्वसाधारण अट १,५०० तासांची आहे. लष्करातून आलेल्यांना आणि विमानविद्येची पदवी घेतलेल्यांना तीत काही सवलत आहे, पण बहुसंख्य तरुणांसमोर साडेबाराशे तासांची दरी पसरलेली असते. मालवाहू विमानाचा स्वतंत्र मुख्य वैमानिक होण्याची वाटही तशी लांबचीच. ढगांतून आणि धुक्यातून केवळ उपकरणांच्या आधारे माल न्यायचा तर १,२०० तास पदरी असावे लागतात. स्वतःच्या खर्चाने विमान भाड्याने घेऊन ही दरी बुजवणे सामान्य घरातल्या मुलाच्या आवाक्यातले नाही. म्हणून कोणी विमानविद्यालयात शिक्षक होतो, कोणी जाहिरातीचे फलक विमानामागे बांधून समुद्रकिनाऱ्यावरून ओढीत नेतो, कोणी छत्रीधारी हौशी मंडळींना वर नेऊन सोडतो, कोणी तेलाच्या नळांवर आकाशातून पहारा करतो. या कामांत वेतन थोडे, परंतु ते वेतन असते.

मालवाहू विमानांत अशी एक पायरी पूर्वी मोठी रुंद होती. बँकांचे धनादेश जोवर कागदाच्या रूपातच एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यावे लागत, तोवर ते रातोरात पोहोचविण्यासाठी लहान विमानांचे थवेच्या थवे अमेरिकेच्या आकाशात रात्रभर फिरत असत, आणि तास जमविण्यासाठी आसुसलेल्या वैमानिकांना त्यांवर कामाची ददात नसे. पुढे सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यांनंतर विमाने जमिनीवर खिळून राहिली आणि त्यांबरोबर धनादेशांच्या थैल्याही. त्या खोळंब्याने जागे होऊन अमेरिकी काँग्रेसने २००३ मध्ये कायदा केला, आणि २८ ऑक्टोबर २००४ पासून मूळ कागदाऐवजी त्याच्या प्रतिमेवरून तयार केलेल्या प्रतीस मूळ धनादेशाचाच दर्जा मिळाला. व्यवहाराच्या दृष्टीने ही सुधारणाच होती. परंतु तिच्यामुळे रात्रीची ती विमाने ओसरली, शिडीची एक मोठी पायरी निखळली आणि उरलेल्या पायऱ्यांवर दाटी झाली.

उरलेल्यांपैकी एक पायरी म्हणजे मोठ्या कुरियर कंपन्यांचा माल लहान गावी पोहोचविण्याचा मक्ता घेतलेल्या छोट्या कंपन्या. त्यांच्या ताफ्यात सेस्ना कॅरव्हान हे एकएंजिनी विमान फार. १९८२ मध्ये पहिल्यांदा उडालेले हे विमान बैलगाडीसारखे सोशिक आहे. दीड टनाच्या आतबाहेर माल घेते आणि आखूड धावपट्टीवरही उतरते. कायदा असा आहे की, उपकरणांच्या आधारे प्रवासी न्यायचे असतील तर सर्वसाधारणपणे दुसरा वैमानिक आवश्यक. केवळ माल न्यायचा असेल तर या वर्गाच्या विमानात एकटा वैमानिक पुरतो. म्हणजे उजवे आसन कायद्याने रिकामे. आणि जे आसन रिकामे राहिले तरी विमान उडणारच आहे, त्यावर बसू देणे हीच मेहेरबानी आहे, असे मालकाला वाटू लागते. बसणाऱ्यालाही तसे वाटू लागते, हे त्याहून वाईट.

या मेहेरबानीचा एक दिवस जवळून पाहण्याजोगा आहे. पहाटे पाचच्या सुमारास मोठे जेट विमान प्रादेशिक केंद्रावर उतरते, माल गावोगावच्या नावाने वेगळा होतो आणि मोटारीतून कॅरव्हानपाशी येतो. प्रथम विमानाच्या शेपटीखाली टेकू लावावा लागतो. नाहीतर मागच्या दाराने जड खोकी चढू लागताच विमान शेपटीवर बसायचे. आतल्या कोठारात उंची अशी बेताची, की पुरुषभर उंचीच्या माणसाला ताठ उभे राहता येत नाही. कमरेत वाकून खोकी पुढे सारायची, कोणते कोठे ठेवल्याने तोल राहील याचा हिशेब करायचा, जाळी ओढून पट्टे आवळायचे. हिवाळ्यात आणखी एक काम असते. पंखावर साचलेल्या हिमाचा डोळ्यांना न दिसणारा पातळसा थरही या विमानाची उचल खातो, हे अपघातांनी शिकविल्यावर २००५ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने असे बंधन घातले की, थंडीच्या विशिष्ट परिस्थितीत वैमानिकाने पंखाची कड हाताने चाचपून पाहिलीच पाहिजे. शिडीवर उभे राहून, हातमोजा काढून, गोठलेल्या धातूवरून तळवा फिरवायचा, आणि खरखर लागली तर सांगायचे, की अजून निघता येणार नाही.

मग उड्डाण, पाऊण तासाचे किंवा तासाचे. गावी उतरून माल खाली करायचा आणि संध्याकाळपर्यंत थांबायचे, कारण त्याच विमानाने त्या गावचा माल परत न्यायचा असतो. दिवस उजाडण्यापूर्वी घर सोडलेला माणूस रात्री आठ वाजता परततो तेव्हा त्याच्या लॉगबुकात पडतात ते जेमतेम दोन तास. कारण उड्डाणकाळाची कायद्यातील व्याख्या नेमकी आहे: उडण्याच्या हेतूने विमान स्वतःच्या शक्तीने हलू लागले तेथपासून, ते उतरून थांबले तेथपर्यंत. खोकी उचलण्याचा, पंख चाचपण्याचा, धुके निवळण्याची वाट पाहण्याचा वेळ त्यात येत नाही. पगारी वैमानिकाला त्या वेळाचे दाम महिन्याच्या पगारात मिळून जाते. ज्याचा पगारच तासांचा, त्याचा उरलेला सारा दिवस वेठीला गेला.

आणि येथेच, माझ्या मते, या प्रथेचे खरे विष आहे. बिनपगारी राबविणे हा अन्याय आहेच. त्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. परंतु विमान चालविणाऱ्या माणसाजवळ एक हक्क असा असतो, की ज्यावर त्याचे स्वतःचे आणि खाली राहणाऱ्या अनोळखी लोकांचे प्राण अवलंबून असतात. तो म्हणजे ‘आज उडत नाही’ असे म्हणण्याचा हक्क. ज्याला उडाले तरी तेवढेच आणि न उडाले तरी तेवढेच वेतन, त्याची जीभ हे शब्द उच्चारताना अडखळत नाही. ज्याला उडाले तरच काही मिळते, त्याच्या तळव्याला पंखावरची खरखर लागली, तर ती खरी आहे की भास आहे याचा विचार तो आपल्याही नकळत थोडा वेगळ्या रीतीने करू लागतो. त्यात तो उमेदवार. त्याच्या जागी यायला दहाजण बाहेर उभे असतात, आणि पुढच्या नोकरीसाठी शिफारस याच मालकाकडून यायची असते.

हा हक्क कोणी फुकट दिलेला नाही. अमेरिकेत टपालाची विमाने मे १९१८ मध्ये सुरू झाली, आणि टपाल वेळेवर निघालेच पाहिजे असा टपाल खात्याच्या वॉशिंग्टनमधील वरिष्ठांचा, विशेषतः ऑटो प्रेगर यांचा, कमालीचा हट्ट असे. जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्क येथे दाट धुक्यात उडण्यास नकार दिला म्हणून दोन वैमानिकांना बडतर्फ करण्यात आले, तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी काम थांबविले. संप काही दिवसांतच मिटला. दोघांपैकी एकाला परत घेतले, दुसऱ्याला नाही. परंतु हवामान उडण्याजोगे आहे की नाही हे दूरच्या राजधानीतील मेजावर न ठरता त्या त्या विमानतळावर ठरावे, हे तत्त्व खात्याला मान्य करावे लागले. हे वैमानिक पगारी होते, आणि त्यांच्यासारखे काम करणारी माणसे देशात फार थोडी होती, म्हणूनच त्यांचा नकार ऐकून घेणे खात्याला भाग पडले.

त्यानंतर नव्वद वर्षांनी, १२ फेब्रुवारी २००९ रोजी, न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराजवळ एका प्रादेशिक कंपनीचे प्रवासी विमान घरावर कोसळले आणि पन्नास माणसे गेली. चौकशीत जे बाहेर आले त्यात एक गोष्ट मनाला लागून राहते. त्या विमानाची तरुण सहवैमानिक अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सिअ‍ॅटलजवळ, आईवडिलांकडे राहत होती. कामावर हजर होण्यासाठी ती आदल्या रात्री मालवाहू विमानांतून, वाटेत विमान बदलून, देश ओलांडून आली होती. नवख्या वैमानिकांचे वेतन किती कमी असते आणि कामाच्या गावी बिऱ्हाड करणे त्यांना का परवडत नाही, याची चर्चा सार्वजनिक सुनावणीत झाली. पुढे २०१० मध्ये काँग्रेसने कायदा केला आणि २०१३ पासून १,५०० तासांची अट अमलात आली. आता पाहा: त्या विमानातील दोन्ही वैमानिकांपाशी १,५०० हून कितीतरी अधिक तास होते. उणीव तासांची नव्हती. परंतु उपाय तासांचा झाला, आणि त्यामुळे तास या नाण्याची किंमत एकाएकी वधारली. ज्यांच्याजवळ रिकामी आसने होती, त्यांच्या हाती जणू टांकसाळच आली.

वास्तविक हे नाणे बऱ्याच वेळा खोटेही निघत असे. नियमाने ज्या उड्डाणात दुसरा वैमानिक आवश्यकच नाही, त्यात उजवीकडे बसणाऱ्याला तो वेळ सहवैमानिक म्हणून आपल्या नावावर मांडता येत नाही. आणि तरीही तसे तास विकले गेले, मांडले गेले, व पुढे मोठ्या कंपनीच्या मुलाखतीत कागदपत्रांची छाननी होताना संशयास्पद ठरले. जून २०१८ मध्ये विमानवाहतूक खात्याने यावर तोडगा काढला. खात्याची मंजुरी असलेला प्रशिक्षणक्रम कंपनीने चालविला, मुख्य वैमानिकाला शिकविण्याची तयारी करून दिली आणि विमान बहुएंजिनी किंवा टर्बाइनवर चालणारे असले, तर असे तास रीतसर धरता येतात. सुधारणा स्वागतार्ह आहे. मात्र तास खरे करून देताना त्यांच्याबरोबर वेतनही द्यावे लागेल असे काही त्या नियमाने सांगितले नाही. तो विषय त्या खात्याचा नव्हेच.

तो विषय मजूर कायद्याचा. तेथील १९३८ च्या कायद्याने किमान वेतन ठरवून दिले. २००९ पासून ते ताशी सव्वासात डॉलर आहे. विमानकंपन्यांना त्या कायद्यातून जादा कामाच्या दीडपट दराबाबत सूट आहे, किमान वेतनातून नाही. मग बिनपगारी उमेदवार बसतो कसा? तो कामगार नाही, विद्यार्थी आहे, असे म्हणून. या म्हणण्याचे मूळ १९४७ च्या एका खटल्यात आहे. मेन राज्यातील पोर्टलंड येथे एक रेल्वे कंपनी गाड्यांचे ब्रेक सांभाळणाऱ्यांना कामावर घेण्यापूर्वी सात-आठ दिवस बिनपगारी शिकवीत असे. सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. पण कारणे लक्षात घेण्याजोगी आहेत. या शिकाऊंनी कोणा नेहमीच्या कामगाराची जागा घेतली नव्हती, आणि त्यांच्यामुळे कंपनीचे काम पुढे सरकत नव्हते, उलट कधीकधी अडत होते. १९८२ मध्ये एका मोठ्या विमानकंपनीच्या शाळेत शिकणाऱ्या हवाईसुंदरींबाबतही अपील न्यायालयाने असाच निवाडा दिला. २०१८ पासून मजूर खाते विचारते तो प्रश्न असा, की या संबंधात मुख्य लाभ कोणाचा होतो आहे.

शाळेच्या खोलीत बसून शिकणारी मुलगी आणि पहाटे दीड टन माल चढविणारा मुलगा यांना एका तागडीत घालता येईल, असे मला वाटत नाही. त्याच्या हातांनी माल चढतो, त्याच मालाचे भाडे कंपनीला मिळते. विमा उतरविणाऱ्याची किंवा गिऱ्हाइकाची दुसरा वैमानिक हवा अशी अट असेल, तर त्याच्या बसण्यामुळे कंपनीला मक्ता टिकविता येतो. आणि आणखी एक पुरावा विमानवाहतूक खात्याच्याच दप्तरात आहे. केवळ खासगी परवाना असलेल्या माणसाने मोबदला घेऊन विमान चालवू नये असा नियम आहे, आणि त्याचा अर्थ लावताना खात्याने अनेकदा असे धरले आहे की, फुकट मिळालेले उड्डाणतास हाही मोबदलाच होय. म्हणजे त्या तासांना किंमत आहे हे शासनानेच मान्य केले. किंमत आहे तर ती श्रमाची किंमत आहे. आणि श्रम आहेत तर ते करणारा विद्यार्थी कसा?

छोट्या कंपन्यांची बाजू मी ऐकली नाही असे होऊ नये. त्यांचे मक्ते मोठ्या कुरियर कंपन्यांनी ठरविलेल्या दरांत असतात, इंधन महाग, नफा पातळ, आणि नवख्याला जवळ बसवून शिकविणे हे मुख्य वैमानिकाला खरोखरच जादा ओझे असते. शिवाय या उमेदवारीत शिक्षण असते हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्री, पावसात, बर्फात, उतरण्याच्या साधनांची टंचाई असलेल्या गावी उतरण्याची जी तालीम मालवाहू विमानात मिळते ती अन्यत्र मिळणे कठीण. हे वैमानिक आपापसात स्वतःला ‘फ्रेट डॉग’ म्हणवतात, आणि त्या नावाचा त्यांना अभिमान असतो. परंतु केवळ शिक्षण म्हणूनच वेतन नसेल, तर ते नेहमीच नसायला हवे. प्रत्यक्षात काय दिसते? २०२२ च्या सुमारास वैमानिकांचा तुटवडा पडला तेव्हा प्रादेशिक प्रवासी कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचे वेतन ताशी नव्वद डॉलरपर्यंत नेले, आणि त्यांच्याकडे ओढली जाणारी मुले टिकवून धरण्यासाठी माल वाहणाऱ्यांनाही हात सैल करावा लागला. तेव्हा उजव्या आसनावर शिकविले जात होते तेच, मग दर का बदलला? भरती मंदावली की फुकट कामाची बोलणी पुन्हा सुरू होतात.

आपल्या मुलखाला रात्रीच्या मालविमानांची ओळख जुनी आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. आज फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोना येथील विमानविद्यालयांत मराठी मुले मोठ्या संख्येने जातात; बापाने शेत किंवा सदनिका गहाण ठेवून पाठविलेली. भारतातील व्यावसायिक परवाना २०० तासांचा, त्यामुळे बहुतेक मुले परततात. परंतु परतल्यावर येथे नोकरी नाही असा काळ अनेकदा येतो. एप्रिल २०१९ मध्ये एक मोठी भारतीय विमानकंपनी बंद पडली तेव्हा हजारो तासांचे अनुभवी वैमानिकही रिकामे होते, तेथे दोनशे तासांवाल्याला कोण विचारणार? अशा वेळी परदेशात ‘तास देतो, या’ म्हणणारे भेटतात. प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर गेलेल्या मुलाला शिकत असताना नोकरी करण्याची मुभा नसते आणि शिक्षणानंतर मिळते ती थोड्याच महिन्यांची, ही अडचणही अशा मंडळींना सोयीची ठरते. कारण ज्याला पगार घेताच येत नाही, तो पगार मागणार नाही.

आपल्याकडे १९६१ चा कायदा आहे, त्याला मराठीत नावच ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ असे आहे. जुन्या कचेरीतला तो बिनपगारी माणूस त्या नावात शिरला खरा, पण शिरताना त्याला विद्यावेतनाचा हक्क मिळाला. लेथवर हात काळे करणाऱ्या मुलाला जे मिळते, ते पंखावर हात गोठविणाऱ्याला का मिळू नये, याचे उत्तर मला कोठे सापडलेले नाही.

ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी अशा देकाराचा विचार करीत असेल, त्या घराने काही गोष्टी आधी लेखी मागून घ्याव्यात. कंपनीच्या प्रशिक्षणक्रमाला तेथील विमानवाहतूक खात्याची मंजुरी आहे काय, आणि ती कोणत्या विमानांपुरती. माल चढविण्या-उतरविण्याचे काम कोणाचे आणि त्याचे दाम कोणाला. विमानतळावर खोके पायावर पडले तर औषधपाण्याचा खर्च कोण सोसणार. आधी पैसे भरून घेतले असतील आणि विमान महिनाभर दुरुस्तीला गेले तर ते परत मिळणार की नाही. आणि हवामान बिघडले, मुलाने पंखावरून हात फिरवून आज उडता येत नाही असे सांगितले, तर त्या दिवसाचे त्याच्या नावावर काय लिहिले जाणार, हेही विचारून ठेवावे.